बधीर करणारं मलम: पाच ट्यूब संपवल्यानंतर

फलटण-पुणे गाडी सासवडला थांबली की लोक चहाला उतरतात. आम्ही तिघं उतरत नाही. मंडळी हाताला सॅनिटायझर चोळते, लेकीच्या शर्टाची वरची तीन बटणं काढते, मी ट्यूबचं झाकण उघडून धरतो आणि लेक घड्याळ बघून वेळ सांगते. सात चाळीस. ती वेळ मी तिकिटाच्या पाठीमागे लिहून ठेवतो. मी स्वतः एस.टी.त कंडक्टर आहे, त्यामुळे वेळ लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि हे मलम तर सगळं वेळेवरच चालतं.

लेकीला घरात चिऊ म्हणतो. सात वर्षांची आहे. रक्ताचा कॅन्सर, ए.एल.एल. सुरुवातीचे कडक उपचार संपले, आता मेंटेनन्स चालू आहे. रोज घरी गोळ्या आणि महिन्यातून एकदा पुण्याला हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये (दिवसापुरतं ठेवून घेतात तो विभाग) इंजेक्शन. त्यासाठी तिच्या उजव्या छातीत, गळ्याच्या हाडाखाली, पोर्ट बसवलेला आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी अशी डबी कातडीच्या आत बसवतात, तिला वरून जाड सिलिकॉनचा पडदा असतो, आणि तिची नळी मानेच्या शिरेतून थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. हाताची शीर शोधत बसावं लागत नाही. व्हिन्क्रिस्टीनसारखं कॅन्सरचं औषध शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जाळतं, त्यामुळे पोर्ट फार उपयोगाचा. पण डबी कातडीच्या आत असल्यामुळे दर वेळी कातडीतून सुई घालावीच लागते. ती सुई वेगळी, ह्यूबर म्हणतात, काटकोनात वाकवलेली. टोक असं घडवलेलं असतं की पडद्याचा तुकडा पडत नाही, म्हणून तो पडदा शेकडो सुया सोसतो. पोरीनं किती सोसायच्या, हा प्रश्न राहतोच.

पहिल्या दोन वेळा आम्ही मलमाशिवाय सुई घेतली. एकानं पाय धरले, एकानं हात, मी डोकं. तिसऱ्या महिन्यात हडपसर आल्याबरोबर ती गाडीतच ओकली. तेव्हा डे-केअरच्या सिस्टर म्हणाल्या, "दादा, तुम्ही मलम का लावून आणत नाही?" आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. असो.

तर हे मलम. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोन-तीन कंपन्यांच्या ट्यूब वापरून झाल्या आणि आतला माल एकच आहे: लिग्नोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के. दोन्ही बधीर करणारी औषधं. मेडिकलवाल्याला ही दोन नावं सांगा किंवा डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. आमच्याकडे फलटणला ते प्रत्येक दुकानात तयार नसतं, सांगितलं की दुसऱ्या दिवशी आणून देतात. म्हणून तारखेच्या आदल्या दिवशी धावपळ करू नका. एक ट्यूब चालू आणि एक शिल्लक, असा हिशेब ठेवा. आम्ही पाच ग्रॅमची घेतो, तीन फेऱ्या होतात. पाच ट्यूब संपल्या, म्हणजे पंधरा फेऱ्या झाल्या.

दिसायला पांढरं, साईसारखं. चिऊ त्याला लोणी म्हणते. लावायची पद्धत पाकिटावर बारीक अक्षरात असते, पण ती वाचून मला काहीच कळलं नव्हतं. चोळायचं नाही, जिरवायचं नाही. पोर्टच्या उंचवट्यावर जाड ढीग ठेवायचा, आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून चारी कडा दाबायच्या, म्हणजे मलम आत कोंडून राहतं. कोंडलं तरच ते कातडीत उतरतं. पहिल्या खेपेला मी खोकल्याचा बाम लावावा तसं चोळून टाकलं, वर कापूस ठेवला आणि शर्ट घातला. पुण्यात पोचेस्तोवर निम्मं मलम शर्टानं प्यायलेलं. सुई बसली तेव्हा पोरगी किंचाळली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी खोटं तिकीट फाडलंय.

दुसरी चूक जागेची. पोर्ट बसवताना चीर एका ठिकाणी देतात आणि डबी असते थोडी बाजूला. आम्ही व्रण बघून मलम लावलं, सुई मात्र डबीच्या मधोमध जाते. बोटभर अंतराचा फरक, पण बधीर झालेली जागा एकीकडे आणि सुई दुसरीकडे. मग सिस्टरांनी मंडळीच्या बोटाला धरून उंचवटा चाचपायला शिकवलं: दोन बोटांनी कडा पकडायच्या, मधे टणक घुमट लागतो, त्याच्या माथ्यावर मलम. आता ती डोळे मिटूनसुद्धा लावू शकेल.

आता खरा मुद्दा, वेळेचा. कमीत कमी एक तास ठेवायला लागतं. एका तासात ते कातडीत साधारण ३ मिलिमीटर खोल उतरतं, दोन तासांत ५ पर्यंत. अर्ध्या तासात काढलं तर पैसे पाण्यात. जास्त ठेवलं तर जास्त चांगलं, असंही नाही. आमच्या चिऊच्या वयाला आणि वजनाला चार तासांच्या वर ठेवायचं नाही, असं बजावून सांगितलेलं आहे. लहान बाळांना तर त्याहून कमी वेळ आणि कमी मलम. म्हणून शेजारच्या बेडवरच्या बाळाच्या आईनं आमचं बघून लावू नये, स्वतःच्या डॉक्टरांना विचारावं. पट्टी काढून मलम पुसल्यावरही तास-दीड तास जागा बधीर राहते. ही शेवटची गोष्ट फार कामाची आहे, पण ती आम्हाला पालखीनं शिकवली.

घरून निघताना लावलं तर पुण्यात सुई बसेपर्यंत चार तास उलटतात. स्वारगेटला लावलं तर डे-केअरला नंबर लागला तरी तास भरत नाही. सिस्टर बोलवतात आणि आपण "अजून वीस मिनिटं" म्हणत बसतो, मागची रांग कुरकुरते. सासवडला लावलं की दिवे घाट, हडपसर, स्वारगेट, रिक्षा, कागदपत्रं, असं करत दोन तासांच्या आसपास सुई बसते. अगदी बेतात. रक्ताची तपासणी आदल्या दिवशी फलटणलाच करतो आणि रिपोर्ट फोनवर पाठवतो, त्यामुळे काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) चांगले असतील तर तिथं फार थांबावं लागत नाही. काउंट कमी असतील तर आम्ही सासवडला लावतच नाही, आधी फोन करतो. एकदा न विचारता लावलं आणि डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात या म्हणून परत पाठवलं. मलम फुकट गेलं, आणि वर पट्टी उपटायचा त्रास.

पालखीची गोष्ट माझ्या अब्रूची आहे, तरी सांगतो. वीस वर्षं या रस्त्यावर ड्युटी केलेली. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी दिवे घाट वाहनांना बंद असतो, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तरी त्या साली मी एका दिवसानं चुकलो. सात चाळीसला मलम लावलं, आणि पाच मिनिटांनी कंडक्टर सांगतो, घाट बंद, बोपदेवनं वळवलंय. बोपदेव घाटात सगळा जिल्हा एकत्र आलेला. नऊ वाजले, दहा वाजले. साडेदहाला चिऊ म्हणाली, "पप्पा, चार तास कधी होणार?" मी कागदावर बघितलं: अकरा चाळीसला. डे-केअरला फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, पोचायला किती लागेल? म्हटलं, बारा तर वाजतील. म्हणाल्या, मग अकराला पट्टी काढून ओल्या कापसानं पुसून टाका, घाबरू नका, बधिरता राहील. तसंच केलं. बारा वाजून दहा मिनिटांनी सुई बसली आणि पोरीला कळलीसुद्धा नाही. तेव्हापासून वारीच्या दिवसांतली तारीख ठरवताना मी पंचांग घेऊन बसतो. वारकरी घरात जन्मून ही पाळी आली म्हणून आईनं महिनाभर ऐकवलं.

पट्टी काढली की खालची कातडी पांढरीफटक दिसते, फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटासारखी. पहिल्यांदा मी घाबरलो. तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून तसं होतं, थोड्या वेळानं रंग परत येतो, कधी उलट लालसर होतो. ते चालतं. फोड आले, फार खाज आली तर मात्र सांगायचं. फुटलेल्या, खरवडलेल्या कातडीवर लावायचं नाही.

आणि एक गोष्ट विचारल्याशिवाय वापरू नका. या पोरांना निमोनिया होऊ नये म्हणून बहुतेकांना सेप्ट्रान हे सल्फाचं औषध चालू असतं, आमच्याकडे शनिवार-रविवार. मलमाच्या पाकिटातल्या कागदावर सल्फाच्या औषधांबद्दल सूचना असते, कारण दोन्ही मिळून रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होऊ शकते. मंडळीनं तो कागद भिंगानं वाचला आणि थेट डॉक्टरांसमोर ठेवला. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, हिचं वय आणि वजन बघता एवढ्याशा मलमानं चालेल, पण ठरवून दिलं त्यापेक्षा जास्त नको, जास्त वेळ नको, आणि ओठ-नखं निळसर-राखाडी दिसली किंवा धाप लागली तर ताबडतोब दाखवा. तुमच्या पोराचं उत्तर वेगळं असू शकतं. कागद घेऊन जा.

आता काम कसं करतं ते. सिस्टर मास्क घालतात, आम्हालाही घालायला लावतात, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकानं जागा घासतात आणि वाळू देतात. वाळण्याआधी घाई केली तर मीच आता टोकतो. दोन बोटांत डबी धरतात, चिऊला सांगतात मोठा श्वास घे, आणि सुई सरळ खाली. आत डबीच्या तळाला सुई टेकल्याचा बारीकसा टक् हाताला लागतो म्हणतात. मग दहा एम.एल.च्या सिरिंजनं रक्त मागे येतं का बघतात. सिरिंज दहाचीच, लहान नाही, कारण लहान सिरिंजनं दाब जास्त पडतो आणि आतली नळी फाटू शकते. हे मी एका नवीन मुलीला सांगितलं तर तिला राग आला, सिस्टरांना मात्र आला नाही. रक्त आलं की सलाईन, थोडं ढकल, थोडं थांब, असं. सगळं बरोबर केलं त्या पहिल्या खेपेला, चिऊनं डोळे उघडून विचारलं, "झालं?" सिस्टर म्हणाल्या, झालं. ती म्हणाली, "दाबलं, टोचलं नाही."

मलमाबद्दल याहून नेमकं मला लिहिता येणार नाही. दाब कळतोच, बोटांनी डबी पकडलेली कळते. टोचण्याची ती तीव्र कळ जाते. ज्यांना वाटतं काहीच कळणार नाही, त्यांनी पोराला तसं सांगू नका, पोरं एकदाच फसतात.

सलाईन गेलं की तिच्या तोंडात खारट चव येते. पोर्टवाल्या बऱ्याच पोरांना येते. त्याला मलमाचा उपयोग नाही, आवळ्याच्या गोळीचा आहे. सिरिंज दिसली की गोळी तोंडात, असा आमचा नियम.

तक्रार आहे ती पट्टीची. काही पाकिटांत मलमाबरोबर पारदर्शक पट्ट्या येतात, काहींत येत नाहीत, आणि बाहेर ते लिहिलेलं सहज दिसत नाही. एकदा सासवडला पाकीट उघडलं, पट्टी नाही. स्टँडवरच्या मेडिकलमध्ये पळालो, गाडी सुटायच्या बेतात, कंडक्टर ओळखीचा म्हणून घंटी मारायचा थांबला. पण खरं दुखणं वेगळंच. सुईची भीती गेली आणि तिच्या जागी पट्टी निघायची भीती आली. सरळ वर उपटली तर कोवळी कातडी ओढली जाते, ही पोरं आधीच स्टिरॉइडनं आणि केमोनं नाजूक झालेली. मी डोकं चालवून कडांना खोबरेल तेल लावलं. पट्टी अलगद निघाली, मी खूष, आणि सिस्टरांनी मला झाडून काढलं. तेलकट कातडीवर सुईचं ड्रेसिंग बसत नाही, सारखं निघतं, आणि तिथं जंतू गेले तर नळीतून थेट रक्तात. चूक माझीच. आता पट्टीचा कोपरा धरून वर न उपटता कातडीला समांतर ताणायचा, रबर ताणावा तसा. चिकटपणा आपोआप सुटतो. चिऊ स्वतः करते, जीभ बाहेर काढून, पाच मिनिटं घेते. घेऊ दे.

दुसऱ्या उपायांचं थोडक्यात. रुमालात बर्फ धरून बघितला, थोडा फरक पडतो, पण पोरगी गारठते. डे-केअरला एकदा गार फवारा मारला होता, तो लगेच काम करतो, वाट बघायला नको. पण तिला त्या फवाऱ्याचीच भीती बसली. ज्यांना तासभर आधी सांगून येता येत नाही त्यांना फवारा बरा असेल, आम्हाला मलमच.

पाठीतलं इंजेक्शन असतं त्या दिवशी पाठीलाही मलम लावतो. नेमकी जागा तिथले डॉक्टर सांगतात, आपण अंदाजानं लावायचं नाही. तेव्हा दोन्हीकडचं मिळून किती, ते आधी विचारून घेतो.

मलम कधी विसरायचं, तेही लिहितो. श्रावणात एका रात्री चिऊला १०१ ताप भरला. पोर्ट असलेल्या पोराला १००.४ च्या वर ताप म्हणजे घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघणं नाही. फोन करायचा आणि निघायचं, कारण जंतू पोर्टमध्ये असतील तर रक्तात पसरायला वेळ लागत नाही, आणि काउंट कमी असतील तर अंगात लढायला कुणी नसतं. शेजाऱ्यांची गाडी काढली. मंडळीनं जेजुरीच्या पुढे चालत्या गाडीत मलम लावलं, तो वेळ वाटेतच गेला म्हणून. पण दारात पोचल्यावर अजून तास झाला नाही म्हणून कुणालाही थांबवलं नसतं. त्या रात्री अँटिबायोटिक आधी. तापात मलमासाठी घड्याळ बघू नका. तसंच पोर्टला सलाईन दिल्यावर अर्ध्या-एक तासात थंडी वाजून हुडहुडी भरली तरी तीच घाई. हे मलमाच्या रिव्ह्यूत बसत नाही, पण मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

किरकोळ: ट्यूबचं तोंड लावून झाल्यावर पुसून घट्ट बंद करा, नाहीतर दप्तरात सगळीकडे होतं. उरलेलं मलम लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका, चाटलं किंवा डोळ्यात गेलं तर वाईट. आमच्या धाकट्यानं लोणी ऐकलं आणि बोट घातलंच होतं. तेव्हापासून ट्यूब माझ्या तिकीट मशीनच्या पेटीत असते, तिला कुलूप आहे. आणि शर्ट समोरून बटणांचा घाला. डोक्यातून काढायच्या फ्रॉकनं पट्टी सरकते. आम्ही माझ्याच दोन जुन्या शर्टांचे तिच्या मापाचे शिवून घेतले, टिचबटणं लावून.

मी पाचपैकी चार देतो, एक पट्टीचा कापला. चिऊला विचारलं तर तिनं साडेतीन दिले. अर्धा कशाचा कापला, विचारलं. म्हणाली, लोणी म्हणता आणि वास कसलाच येत नाही.